पैजेचा विटाळ

पुणे-सोलापूर महामार्गावरून मोटारीने जाणाऱ्यांस पाटस हे गाव टोलनाक्यामुळे ठाऊक असते, रेल्वेने जाणाऱ्यांस ते दौंड जंक्शनापूर्वी सामान आवरावयास लावणारे स्थानक म्हणून ठाऊक असते, आणि आषाढीच्या वारकऱ्यांस तुकोबांची पालखी ज्या गावाहून रोटी घाटाकडे वळते ते गाव म्हणून. परंतु या तिन्ही प्रकारच्या प्रवाशांस जे कधीच कळत नाही ते हे, की ऊस, कांदा आणि दूध या नगदी उत्पन्नांखेरीज येथे आणखी एक पीक बारमाही निघते, त्याला पाऊस लागत नाही, कालव्याचे आवर्तन लागत नाही, सोसायटीचे कर्जही लागत नाही, आणि ते पीक म्हणजे अंदाज.

दिवाळी उलटते, मध्यंतरी काही वर्षे बंद राहून पुन्हा सुरू झालेल्या भीमा सहकारी साखर कारखान्याचा बॉयलर तापतो, उसाने लादलेली वाहने रस्ताभर पाचट सांडीत वजनकाट्याकडे निघतात, आणि त्याच सुमारास चौकातल्या एका चहाच्या दुकानापुढील दोन बाकांवर, नोटीस न काढता, विषयपत्रिका न वाटता व गणसंख्येची फिकीर न करता, एक सभा भरू लागते. यंदाच्या यात्रांत कोणाचा गाडा पहिला येणार, हा सभेपुढील एकमेव विषय. सभेचे कायम सभासद असे: संस्कृत शिकवून सेवानिवृत्त झालेले गुरुजी, काट्यावर हयात काढल्यामुळे जगातील यच्चयावत् वस्तूंचे वजन नजरेने सांगणारे नाना, पुष्कळ वर्षांपूर्वी एकदाच ग्रामपंचायतीवर निवडून आलेले, परंतु आमरण ‘मेंबर’ राहणारे मेंबर, कचेरीपुढे अर्ज लिहून देण्याचा व्यवसाय करणारे, व म्हणून लोकांनी परस्पर ‘वकीलसाहेब’ ही पदवी बहाल केलेले एक गृहस्थ, आणि नुकताच बी.कॉम. होऊन ‘बघतोय काहीतरी’ या उद्योगात गढलेला एक तरुण. याखेरीज अगदी टोकाला, अर्धे अंग बाकावर व अर्धे बाहेर ठेवून, एक गाडामालक बसतो. तो बोलत नसल्यामुळे त्याला सभासद म्हणावे की प्रेक्षक, याचा निर्णय सभेने आजवर प्रलंबित ठेवला आहे.

ज्यांस या शास्त्राची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. भीमा ओलांडून शिरूर तालुक्याच्या पश्चिम भागात शिरले, आणि तेथून खेड, आंबेगाव, जुन्नरकडे सरकले, की शर्यत ‘घाटा’त होते: चढणीची धावपट्टी, गाड्याला जुपलेले चार बैल, त्यांच्यापुढे दौडणारी घोडी, आणि प्रतिस्पर्धी म्हणून केवळ घड्याळ. एकेका गाड्याची स्वतंत्र बारी होते, निवेदक ध्वनिक्षेपकातून ‘भिर्रर्र’ अशी आरोळी ठोकतो, अकरा-बारा सेकंदांत वर्षाच्या खुराकाचे सार्थक वा मातेरे होऊन जाते, आणि सेकंदाच्या बारीकशा अंशावरून ‘घाटाचा राजा’ ठरतो. उलट दौंड, बारामती, इंदापूर आणि तेथून खाली सातारा-सांगलीपर्यंत मैदानाची पद्धत: दोन बैलांचे हलके छकडे आपापल्या तासातून एकदम सुटतात, गट, सेमी, फायनल अशा पायऱ्या चढतात, बैलांची वर्गवारी दातांवरून आदत, दुसा, चौसा अशी होते, आणि शेवटच्या रेषेवर झेंडा पंच सांगेल ते प्रमाण मानावे लागते. पाटसच्या बाकांवर हे दोन्ही संप्रदाय नांदतात. घाटवाल्यांचे म्हणणे, घड्याळ कोणाचा पाहुणा नसतो, म्हणून निकाल निर्मळ. मैदानवाल्यांचे म्हणणे, घड्याळाला हरवण्यात पुरुषार्थ कसला, त्याचा चेहरा तरी पडतो का?

कार्तिकात या सभेचे कामकाज ऐकणाऱ्या परस्थाचा असा ग्रह व्हावा, की या तालुक्यांत हरणारा बैल जन्मासच येत नाही. येथील अनुमानपद्धती तर्कशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात नाही, आणि त्यात नुकसान पाठ्यपुस्तकाचे आहे. एखादा बैल गेल्या साली तिसरा आला असेल तर यंदा पहिला येणे क्रमप्राप्त. गेल्या साली पहिला आला असेल तर यंदाही पहिला येणे उघडच. आणि गेल्या साली गटातच बाद झाला असेल तर त्याची सारी ताकद अंगात शिल्लक राहिली असल्यामुळे यंदा त्याला अडवणारा कोण? नाना बैलाच्या वजनावरून बोलतात, मेंबर मालकाच्या भावकीवरून बोलतात, गुरुजी नक्षत्रावरून बोलतात, आणि तरुण मोबाईलवर शर्यतीची चित्रफीत दाखवून, ती मध्येच थांबवून, बैलाचा कोणता खूर कोणत्या क्षणी हवेत होता त्यावरून बोलतो. सगळ्यांचा निष्कर्ष एकच असतो: यंदा आपला गाडा. ‘आपला’ या शब्दाने जो गाडा निर्देशिला जातो त्याच्या पेंडीचा एक दाणाही बोलणाऱ्याने कधी विकत घेतलेला नसतो, ही गोष्ट अलाहिदा.

मग चैत्र येतो, यात्रा भरतात, गुलाल उधळला जातो तो एकाच्याच अंगावर, आणि उरलेल्या भाकितांचे काय झाले याची चौकशी करू जाता असे आढळते, की ती भाकिते कोणी केलीच नव्हती. क्वचित एखादे भाकीत नाकारणे अशक्य झाले, तर सुटताना घोडी बिचकली, तास खोल होता, रात्री पाणी शिंपडून कोणी माती जड केली, पंचाच्या डोळ्यांवर ऊन आले, अशी साक्षीदारांसहित कैफियत दाखल होते. ‘मी म्हणालोच होतो’ हे वाक्य या बाकांवर जितक्या वेळा उच्चारले जाते, त्याच्या शतांशानेही ‘मी म्हणालो होतो खरे, पण तसे झाले नाही’ हे वाक्य उच्चारले गेल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही.

या दृष्टीने पाहता शर्यतबंदीचा काळ हा सभेचा सुवर्णकाळ मानावा लागतो. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जलिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतींसही मनाई केली. २०१७ साली राज्याच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, तर उच्च न्यायालयाने शर्यतींस अटकाव कायम ठेवला. पुढे १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सशर्त परवानगी दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या मधल्या सात वर्षांहून अधिक काळात मालकांची होरपळ झाली, दावणी रिकाम्या झाल्या, यात्रांत तमाशाखेरीज करमणूक उरली नाही. परंतु अंदाज करणाऱ्यांस तेवढे निर्वेध दिवस पुन्हा लाभले नाहीत. शर्यतच नसल्यामुळे प्रत्येक बैल अजिंक्य होता. ‘बंदी नसती तर’ एवढे म्हणून कोणीही कोणत्याही घाटाचा राजा होत असे, आणि त्याचे राज्य खालसा करण्याचा अधिकार भूतलावर कोणालाच नव्हता. बंदी उठल्याचे कळले तेव्हा सभेने पेढे वाटले हे खरे. तथापि वाटताना काही चेहऱ्यांवर, वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक लागल्यावर विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर येते तशी, एक फिकट छटा दिसून आली.

बंदी उठली ती नियमांचे भले मोठे बाड घेऊन. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी, अनामत रक्कम, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी, हजार मीटरांहून लांब धाव नको, चाबूक-काठी नको, विजेचा धक्का नको. बक्षिसेही बदलली. २०२२च्या मे अखेरीस पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे जी शर्यत झाली तिच्या बक्षिसांत जेसीबी होता आणि ट्रॅक्टरही होते. ज्या यंत्राने बैलाला शेतातून बडतर्फ केले तेच यंत्र बैलाने जीव तोडून पळून मालकाच्या दारी आणून उभे करावे, यातील विनोद बैलाला कळत असावा असे त्याच्या डोळ्यांकडे पाहून वाटते. परंतु तो सभासद नसल्यामुळे त्याचे मत नोंदविले गेलेले नाही.

तर अशा या सुखी सभेत एके संध्याकाळी, नाना एका चौसा बैलाच्या फायनलविषयी छातीवर हात मारून सांगत असताना, त्या बी.कॉम. तरुणाने अत्यंत नम्रपणे विचारले, “नाना, एवढी खात्री हाय तर लावता का पाचशे?”

क्षणभर चहावाल्याचा स्टोव्ह तेवढा बोलत राहिला. मग मेंबरांनी घसा साफ केला. “आरं पोरा, हितं माळकरी माणसं बसत्यात. पैशाचं नाव काढायचं नाय.”

“मी लावा म्हणत नाय, मेंबर. लोकं भाव काय देत्यात, एवढंच सांगतो.”

“भाव कांद्याचा सांग,” गुरुजी कडाडले. “बैलाचा भाव बाजारात सांगावा. शर्यतीत भाव सांगणे हे पाप आहे.”

येथून सभेपुढे मूळ विषयाच्या जोडीला एक उपविषय कायमचा चिकटला: पैज लावणे वाईट, यावर एकमत असले तरी पैजेविषयी बोलणे वाईट की काय? एका पक्षाचे मत पडले, की शब्दानेही विटाळ होतो. आज भाव ऐकला, उद्या लावावासा वाटेल, परवा सातबारा गहाण पडेल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, की भाव म्हणजे पुष्कळ लोकांनी मिळून केलेला अंदाज, आणि अंदाज करण्यास बंदी असेल तर सभाच बरखास्त करावी लागेल. प्रस्तुत लेखकाने असे पाहिले, की पहिल्या पक्षात सर्वांत मोठ्या आवाजाने भाकिते करणारे एकजात सामील झाले होते. त्या वेळी हा योगायोग वाटला.

वकीलसाहेबांनी अर्थातच कायद्याचा आधार घेतला. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा, सन १८८७, अद्याप अंमलात आहे. त्याच्या कलम १२ अन्वये सार्वजनिक जागी जुगार खेळताना सापडणाऱ्यास पोलीस वॉरंटाशिवाय धरू शकतात. सबब प्रथम हे ठरले पाहिजे, की हे बाक सार्वजनिक जागा आहेत किंवा कसे. “बाक माझं, जागा पीडब्ल्यूडीची,” असा खुलासा चहावाल्याने आतून केला, आणि तो ऐकून दोघे सभासद नकळत उभे राहिले. पुढे वकीलसाहेब म्हणाले, की १८७२च्या करार कायद्यातील कलम ३० प्रमाणे पैजेचा करार शून्यवत् असून जिंकलेल्यास दावा लावून पैसे वसूल करता येत नाहीत. अपवाद फक्त घोड्यांच्या शर्यतीत विजेत्यास द्यावयाच्या पाचशे रुपये व त्यावरील बक्षिसासाठी गोळा केलेल्या वर्गणीचा.

“घोड्यांच्या?” घाटवाल्या पक्षात चैतन्य पसरले. “मग आमच्या गाड्याम्होरं घोडीच असती की!”

“घोडी म्होरं असली तरी बक्षीस बैलाला,” मैदानवाले ओरडले.

“पण पैली रेषा कोन वलांडतं? घोडी!”

“मुद्दा विचारार्ह आहे,” असा अभिप्राय देऊन वकीलसाहेबांनी निकाल राखून ठेवला. तो अद्याप राखलेलाच आहे, आणि उच्च न्यायालयापुढे हा मुद्दा आजवर कोणीच कसा उपस्थित केला नाही याचे घाटवाल्यांस वैषम्य वाटते.

तरुण मात्र घोड्यावर स्वार होऊनच पुढे गेला. येथून साठेक किलोमीटरांवर, पुण्याच्या कॅम्पातील रेसकोर्सवर, पावसाळ्याच्या दिवसांत घोडे पळतात, सभ्य लोक टोप्या घालून त्यांच्यावर राजरोस पैसे लावतात, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचा निर्वाळा दिलेला आहे. सरकार स्वतः १९६९ सालापासून महाराष्ट्र राज्य लॉटरीची तिकिटे विकते. “म्हंजे घोड्याला कौशल्य, आन् आमच्या बैलाला नाय?” या सवालाने मैदानवाले व घाटवाले हे दोन्ही पक्ष हंगामात प्रथमच एक झाले, आणि जुगाराचा निषेध बाजूस राहून बैलाच्या मानहानीचा निषेध एकमुखाने संमत झाला.

आता गुरुजींस गप्प बसणे शक्य नव्हते. धर्मशास्त्रात हा प्रश्न केव्हाच हाताळला गेला आहे, असे त्यांनी सांगितले. निर्जीव साधनांनी खेळतात ते द्यूत, आणि सजीव प्राण्यांवर पण लावून खेळतात तो समाह्वय. मनूने राजास हे दोन्ही उच्छेदून टाकण्याची आज्ञा दिली. याज्ञवल्क्याने मात्र सभिक नावाचा चालक नेमून व राजाचा हिस्सा ठरवून देऊन त्यास मुभा दिली, आणि वर असेही सुचविले, की चोर हुडकून काढण्यास अशी एकच जागा असणे सोयीचे पडते. कौटिल्याने तर द्यूताध्यक्ष हा अधिकारीच नियुक्त केला आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच सरकारजमा करविले.

“शेकडा पाच?” मेंबर हळहळले. “लई बरं सरकार हुतं ते. आपल्यानं ऑनलाइनवर अठ्ठावीस टक्के जीएसटी बसवला हुता.”

‘हुता’ हा भूतकाळ महत्त्वाचा. कारण मोबाईलवर अकरा खेळाडूंचा संघ मांडून पैसे लावण्याचा जो खेळ गावोगाव रुजला होता, ज्याला येथील पोरे नुसते ‘टीम लावणे’ म्हणत, तो २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या केंद्रीय कायद्याने बंद पडला. त्या खेळाची थोरवी आमच्या जिल्ह्यात सर्वांस मुखोद्गत आहे: २०२३च्या ऑक्टोबरात, क्रिकेटची विश्वचषक स्पर्धा चालू असताना, पिंपरी-चिंचवड पोलीस दलातील एका उपनिरीक्षकास त्यात दीड कोटी रुपये लागले, आणि अभिनंदनाचे हार सुकण्यापूर्वीच निलंबनाचा हुकूम हाती पडला. अंदाज चुकला तर घरचे बोलतात, आणि बरोबर आला तर खाते बोलते, असा त्या प्रकरणाचा मथितार्थ सभेने काढला. आमच्या तरुणाचे दीड कोटी कधी आले नाहीत. एकोणपन्नास-एकोणपन्नास रुपये मात्र जात राहिले, आणि त्याच्या आईने एकदा मोबाईलमधला सगळा उतारा त्याला मोठ्याने वाचावयास लावला. तेव्हापासून त्याची बोलण्याची तऱ्हा बदलली. तो ‘नक्की’ म्हणत नाही, ‘बहुतेक’ म्हणतो. बाकीच्या सभासदांना हे त्याच्या अभ्यासाच्या कच्चेपणाचे लक्षण वाटते.

अशा वेळी मेंबरांच्या अमेरिकेतील पुतण्याचा दूरध्वनी येणे, व तो ध्वनिवर्धक चालू करून सर्वांस ऐकविला जाणे, हाही सभेचा एक नित्यविधी आहे. पुतण्या मिशिगन विद्यापीठात शिकतो. तेथील महाविद्यालयीन फुटबॉल हा पायाऐवजी बहुधा हाताने खेळावयाचा खेळ असून त्याच्या विद्यापीठाचे क्रीडांगण १,०७,६०१ आसनांचे आहे, म्हणजे सबंध पाटस गुराढोरांसह नेऊन बसविले तरी कोपरा भरावयाचा नाही. मोसमात नियमित सामने बारा. ऑगस्टात प्रत्येक विद्यापीठाचे अनुयायी बाराच्या बारा जिंकण्याच्या गोष्टी करतात. पेढीवाले मात्र प्रत्येक संघापुढे एक आकडा मांडतात, अमुक विजय, आणि विचारतात, याच्या वर की खाली, बोला. पूर्वी १९९२च्या एका कायद्याने बहुतेक राज्यांत अशा पैजांना वाव नव्हता. १४ मे २०१८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्दबातल ठरविला, आणि तेव्हापासून एकामागून एक राज्यांनी दारे उघडली. न्यायदेवतेचे आणि मे महिन्याचे काही गूढ नाते असावे, असे वकीलसाहेबांनी येथे नमूद करून घेतले.

“काका, इथंपण हेच भांडण चालतं,” पुतण्या सांगत होता. “निम्मे म्हणतात, आमच्यासमोर भाव काढू नका, आम्ही खेळ बघायला आलोय. निम्मे म्हणतात, भाव नसेल तर तुमच्या गप्पांना अर्थ काय. आणि पैसे बुडालेले लोक खेळणाऱ्या पोरांना मोबाईलवर शिव्या घालतात. वीस वर्षांची पोरं ती. त्यांच्या एकेकाच्या नावावर पैज लावायला बंदी घाला, म्हणून इथल्या क्रीडा संघटनेच्या अध्यक्षांनी २०२४मध्ये राज्यांना विनंती केली.”

सभा गंभीर झाली. बैलाजवळ मोबाईल नसतो, ही त्याच्यावरची ईश्वराची केवढी कृपा, असा विचार सर्वांच्या मनात एकदम आला असावा. “तुमचं गाव जिंकलं का कधी?” नानांनी विचारले. जानेवारी २०२४मध्ये वॉशिंग्टनचा ३४-१३ असा पराभव करून मिशिगन राष्ट्रीय विजेते झाले, असे पुतण्याने सांगताच नाना शांतपणे उद्गारले, “मी म्हणालोच होतो.”

हा उद्गार ऐकला आणि या दीर्घ वादाचे मूळ कशात आहे ते लेखकाच्या ध्यानी आले. जुगाराने घरे बुडतात, पेरणीचे पैसे मटक्याच्या चिठ्ठीत जातात, भावाभावांत वितुष्ट येते, हे सारे सत्य आहे, आणि त्या कारणास्तव पैजेपासून लांब राहणारा मनुष्य शहाणाच म्हटला पाहिजे. परंतु बाकावर जो निषेध चालतो त्याला या शहाणपणाची फारशी गरज नसते. तो निराळ्याच भीतीतून उपजतो. भाकीत हे जात्याच विस्मरणशील असते. ते कार्तिकात उच्चारले जाते, माघात सौम्य होते, चैत्रात विरून जाते, आणि गुलालाच्या दिवशी त्याचा कर्ता विजेत्याच्या मिरवणुकीत सर्वांच्या पुढे नाचू शकतो. पैशाला मात्र एक वाईट खोड आहे: तो लक्षात ठेवतो. पाचशे रुपये लागले की अंदाजाला तारीख येते, रक्कम येते, समोर धनको उभा राहतो, आणि ‘मी तसे म्हणालो नव्हतो’ या पळवाटेवर कायमचा अडसर पडतो. जो तोंडाने लावतो त्याला थकबाकी नाही, तगादा नाही, जप्ती नाही. मुदतीचा कायदाही त्याच्या बाजूचा, कारण त्याच्या भाकिताची मुदत निकालाच्या आदल्या रात्री संपते. नानांचा विरोध पाचशे रुपयांना नव्हता. तो हिशेबाला होता. आणि मिशिगनच्या त्या क्रीडांगणातील लाखावर आसनांपैकी जी निम्मी भाव काढण्यास हरकत घेतात, त्यांतही पुष्कळ नाना बसलेले असावेत, अशी लेखकाची समजूत आहे.

ही शंका बोलून दाखविली असता गुरुजींनी ती अपमानास्पद ठरविली, आणि सभेची अब्रू निर्विवाद करण्यासाठी एक तोड सुचविली. पैसा वर्ज्य, परंतु ज्याचे जे भाकीत असेल ते त्याने लिहून द्यावे. लागलीच चहावाल्याकडून एक कोरी नोंदवही मागविण्यात आली, गुरुजींनी स्वहस्ते समास सोडून रकाने आखले: अनुक्रमांक, तारीख, भाकीत, भाकिताचे कारण, सही, निकाल आणि शेरा. लेखणी प्रथम नानांच्या हाती देण्यात आली. नानांचा चष्मा घरी राहिला होता. नाकावर होता तो लांबचा, असे त्यांनी स्पष्ट केले. मेंबर म्हणाले, “सही सोडून काय बी मागा. ग्रामपंचायतीत एकदा सही केली, अजून लेखापरीक्षण चालू हाय.” घाटवाल्यांनी आधी मैदानवाल्यांनी लिहावे असा आग्रह धरला, आणि मैदानवाल्यांनी वडिलकीचा मान घाटवाल्यांस दिला, इतके सौजन्य त्या बाकांनी पूर्वी पाहिले नव्हते. वकीलसाहेबांनी पाऊण पान लिहिले, परंतु ते वाचून पाहता असे आढळले, की हवामान, माती, घोडीची मनःस्थिती, पंचाचा विवेक व न्यायालयाचे भावी आदेश यांच्या अधीन राहून आणि सर्व हक्क अबाधित ठेवून त्यांनी कोणताही गाडा पहिला येण्याची शक्यता नाकारलेली नव्हती. तरुणाने चार नावे लिहून प्रत्येकापुढे टक्के मांडले. त्यांची बेरीज शंभर भरते हे पाहून सर्वांना धक्का बसला, कारण एकट्या नानांच्या बोलण्यातल्या खात्रीची बेरीज त्या संध्याकाळपर्यंत पाचशेच्या घरात गेली होती. खुद्द गुरुजींनी आपण केवळ दप्तर सांभाळणार असल्याचे जाहीर केले. जो पैशाच्या नावाने विटाळ मानीत होता त्या पक्षाला शाईचा विटाळ त्याहून भयंकर वाटला, आणि आठ दिवसपर्यंत बाकांवर कांद्याच्या भावाखेरीज भाषण झाले नाही.

अखेर कोणाला तरी टोकावर बसणाऱ्या गाडामालकाची आठवण झाली. या माणसाने बैलजोडीसाठी जी रक्कम मोजली तिच्यात तालुक्याच्या गावी दोन खोल्या झाल्या असत्या. बैलाला दूध, अंडी, उडीद आणि खारीक चारून स्वतः बाजरीची भाकरी खातो असे त्याच्या घरचे सांगतात. बंदीच्या सात वर्षांत, कोणत्याही न्यायालयाने कसलाही शब्द दिलेला नसताना, त्याने दावण रिकामी होऊ दिली नव्हती. तालुक्यात यंदाच्या हंगामावर खरोखर काही लावून बसलेला असा तो एकटाच होता, आणि नेमका त्यानेच आजवर तोंड उघडले नव्हते. वही त्याच्यापुढे ठेवण्यात आली. त्याने लेखणी घेतली, थोडा वेळ रकान्यांकडे पाहिले, आणि भाकिताच्या रकान्यात लिहिले: ‘बैल पळतील.’ कारणाच्या रकान्यात लिहिले: ‘बैल हायत.’ खाली सही केली, चहाचे पैसे दिले आणि धार काढण्याची वेळ झाली म्हणून निघून गेला.

सभा बराच वेळ त्या पानाकडे पाहत राहिली. याला काय भाकीत म्हणावयाचे, असा सर्वांचा संताप होता. चैत्रात यात्रा झाल्या. त्याचा छकडा एके ठिकाणी फायनलला तिसरा आला, दुसऱ्या ठिकाणी गटातच राहिला. गुरुजींनी शब्दास जागून वही उघडली आणि निकालाच्या रकान्यात ‘पळाले’ व शेऱ्याच्या रकान्यात ‘बरोबर’ असे लिहिले. सबंध हंगामात खरी ठरलेली ती एकच नोंद. त्यानंतर उपस्थित सभासदांनी, घाट आणि मैदान हा भेद विसरून, नानांच्या सूचनेवरून व मेंबरांच्या अनुमोदनाने, असा ठराव एकमताने संमत केला, की सदरहू इसम कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, परंतु त्याला बैलातले काही कळत नाही.